नॉब थोडा डावीकडे

निळेराव,

तुमची खोली आज आवरायला घेतली. किल्ली माझ्याकडेच होती, पण कुलूप तुमच्याच वळणाचं निघालं. सरळ सांगून ऐकत नाही, जरा वर उचलून गोंजारलं की उघडतं. पत्राला उत्तर द्यायची सवय तुम्हाला जन्मात नव्हती, त्यामुळे आत्ता लिहिताना मला फारसं वेगळं वाटत नाहीये. तुम्ही गेल्यावर चार माणसं भेटायला आली आणि चौघांनी एकच वाक्य म्हटलं, "फार शांत माणूस होता हो." मला संताप आला. शांत तर कपाटही असतं. तेव्हाच ठरवलं की ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलं नाही त्यांना तुमची नीट हकिगत सांगायची. तुम्ही नुसतं ऐका, ते तुम्हाला जमतं. आणि या हकिगतीत मी 'थोरली' म्हणून येईन. 'मी, मी' करणारी माणसं मला सहन होत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तर, निळेराव हे नाव काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते जीन्स शिवायच्या कारखान्यात कटर होते. लांबलचक टेबलावर डेनिमचे थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूनं पायांचे आणि खिशांचे आकार उतरवायचे आणि उभ्या पात्याच्या मशीननं सगळे थर एका दमात कापायचे, हे त्यांचं काम. पात्याखालून निळी भुकटी उडायची. ती नखांत बसायची, भुवयांत बसायची. शिंकले तरी रुमाल निळा व्हायचा. धाकटीशी लग्न ठरल्यावर ते पहिल्यांदा सासरी आले तेच कोरी करकरीत, एकदाही पाणी न लागलेली जीन्स घालून. त्यांच्या लेखी तो ठेवणीतला कपडा. सासऱ्यांच्या मोतिया रंगाच्या सोफ्यावर अंग चोरून बसले, चहा प्यायले, उठले. सोफ्यावर दोन निळ्या मांड्या उमटलेल्या.

"जावई नुसते आले नाहीत," सासरे म्हणाले, "सही करून गेले."

त्या दिवसापासून ते निळेराव झाले.

थोरली म्हणजे धाकटीची मोठी बहीण. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि घरातही शिकवायची, कुणी विचारो न विचारो. तिनं तिथल्या तिथे खुलासा केला की हा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जातच नाही, वरवर बसतो, म्हणून घासला की सुटतो.

"म्हणूनच तर ती आपली होते, ताई," निळेराव म्हणाले. त्या दिवशीचं त्यांचं हे एकमेव वाक्य.

पुढे त्याचा अर्थ सगळ्या घराला कळला. निळेराव नवी जीन्स घालायला काढायचे ती पुठ्ठ्यासारखी असायची. मग ती महिनोन् महिने धुवायची नाही. बसता-उठता गुडघ्यामागे चुण्या पडायच्या, चुण्यांच्या कडा पांढुरक्या व्हायच्या, खिशात किल्ल्या ठेवायची सवय असली तर किल्ल्यांचा आकार बाहेर उमटायचा. त्यांचं म्हणणं, दुकानात सगळ्या जीन्स सख्ख्या बहिणींसारख्या असतात, पण वर्षभरानं पँट बघून माणूस ओळखता येतो. धाकटीचं म्हणणं, वास घेऊनही येतो.

"रात्री काढून ठेवली तर भिंतीला टेकून उभी राहते," ती माहेरी येऊन सांगायची. "परवा मी तिच्यासाठी पण ताट मांडणार होते."

निळेराव हसायचे. एरवी न हसणारा माणूस, पण नवी जीन्स अंगाची होईपर्यंत त्यांना कुणीतरी चिडवलेलं हवं असायचं. त्याशिवाय ती मुरत नाही असं ते खरंच मानत.

डेनिमनंतर घरात स्टीरिओ आला. आधी एक जुना अॅम्प्लिफायर, मग तबकडी फिरवायचं यंत्र, मग कमरेएवढे दोन लाकडी स्पीकर. मग रेकॉर्ड यायला लागल्या, आणि त्या थांबल्याच नाहीत. जुन्या सामानाची दुकानं, मोडीत निघालेली घरं, बंद पडलेलं एक नाचघर, जिथून मिळतील तिथून. कारखान्यातून सुटले की ते एखादी रेकॉर्ड काखेत मारून घरी यायचे आणि धाकटी दारातच म्हणायची, "आली का सवत?" खोली दोन माणसांची, पण रेकॉर्डनी इतकी जागा घेतली की कपडे पलंगाखाली गेले.

त्यांच्या खोलीत स्पीकरसमोर दोन खुर्च्या होत्या. डावीकडची निळेरावांची, उजवीकडची धाकटीची. दोन्हींना धाकटीनं हौसेनं साईच्या रंगाची कव्हरं शिवली होती. इतकी वर्षं अशा माणसाबरोबर काढलेल्या बाईनं साईचा रंग निवडावा, याला काय म्हणायचं? महिन्याभरात डावी खुर्ची बसायच्या जागी निळी झाली, मग हातांवर निळी झाली, मग डोकं टेकतात तिथेही, कारण थंडीत ते डेनिमचं जाकीट कॉलर वर करून घालून बसत. उजवी खुर्ची तशीच साईसारखी राहिली.

आता कानाची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. धाकटी आणि थोरली, दोघींचा डावा कान अर्धवट. तो आईकडून आलेला, आईला तिच्या वडिलांकडून. अगदी बहिरा नाही, पण डावीकडून हाक मारली तर ती शेजारच्या घरातून आल्यासारखी वाटते. निळेरावांनी स्टीरिओ लावला तेव्हा पहिल्याच दिवशी दोघांचा खटका उडाला. त्यांनी एक दोघांच्या गाण्याची रेकॉर्ड आणली होती. बाईचा आवाज डाव्या स्पीकरमधून यायचा, पुरुषाचा उजव्यातून, आणि कडव्याच्या शेवटी दोघं मिळून गायचे.

"बाई कुठे गाते?" धाकटीनं विचारलं. "मला तर हा बाबाच एकटा ओरडताना ऐकू येतोय."

निळेराव उठले. अॅम्प्लिफायरवर बॅलन्सचा एक नॉब होता. तो डावीकडे फिरवला की डावा स्पीकर मोठा होतो आणि उजवा लहान. धाकटी आपल्या खुर्चीत डोळे मिटून बसली आणि ते गुडघ्यांवर बसून नॉब केसाकेसानं फिरवत राहिले.

"अजून... अजून... अहो, फार झालं, मागे या. हां! तिथेच. हात काढा. आता दोघं सारखे."

तेव्हापासून नॉब तिथेच राहिला, चांगलाच डावीकडे. गोम अशी की निळेराव मुळातच डाव्या स्पीकरजवळ बसायचे आणि त्यांचे दोन्ही कान ठणठणीत होते. त्यांना बाई कानाशी येऊन गायल्यासारखी ऐकू यायची आणि पुरुष कुठेतरी जिन्यात उभा असल्यासारखा. प्रत्येक रेकॉर्ड अशीच, एका कुशीवर कललेली. त्यांनी कधी तक्रार केली नाही. नॉबला खूणही केली नाही. खूण कशाला? तो हलवणार कोण होतं?

मग धाकटी गेली. आजार मोठा नव्हता, फक्त त्याला घाई होती. पाठोपाठ कारखान्यात कापडाचे थर कापायला नवी यंत्रं आली आणि निळेरावांना निरोपाचा हार घालून घरी पाठवण्यात आलं. नखांतली निळाई हळूहळू निघून गेली. हात उघडे पडल्यासारखे वाटतात, ते एकदा थोरलीला म्हणाले होते. थोरली तेव्हा घाईत होती, ती बहुतेक वेळा घाईत असते.

त्यांचा दिवस कसा जायचा ते खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारावं. सकाळी जिना झाडल्याचा आवाज, दुपारी एकाच ताटाचा आवाज, संध्याकाळी गाणं. गाणं लावायच्या आधी ते दोन्ही खुर्च्या झटकायचे. साईच्या खुर्चीवर काही पडलेलं नसायचंच. मग आपल्या निळ्या खुर्चीत बसून कललेलं गाणं ऐकायचे. कपाटात चार कोऱ्या जीन्स घडी करून पडल्या होत्या, त्यातली एकही काढली नाही. नवी जीन्स घालून खोलीत चालायचं आणि कुणी काही बोलायचंच नाही, हे त्यांना जमण्यातलं नव्हतं. जुनीच एक घालत राहिले, गुडघे विरेपर्यंत.

मग एक दिवस स्टीरिओ खरखरायला लागला. निळेरावांनी मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिक ओळखीचा, मनमिळाऊ, स्वतःही गाण्याचा वेडा. त्यानं अॅम्प्लिफायर उघडला, ब्रशनं धूळ काढली, सगळ्या नॉबांच्या मुळाशी औषधाचा फवारा मारला आणि ते मोकळे होईपर्यंत गरागरा फिरवले. निळेराव तेव्हा आत चहा टाकत होते. कप घेऊन बाहेर आले तर रेकॉर्ड लावलेली, तीच, दोघांच्या गाण्याची. आणि त्यांच्या निळ्या खुर्चीमागे उभं राहून मेकॅनिक समाधानानं मान हलवतोय.

बाई डावीकडे आपल्या जागी होती. उजवीकडचा पुरुष जिन्यातून आत आला होता, थेट खोलीत. असा ठसठशीत आवाज त्या माणसाला होता हे निळेरावांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"काका, बॅलन्स पार डावीकडे गेला होता हो," मेकॅनिक म्हणाला. "इतकी वर्षं एकाच बाजूनं ऐकत होतात की काय? मी मधोमध करून दिलाय. आता बघा कसं भरून वाजतंय!"

"हो," निळेराव म्हणाले. "छान वाजतंय."

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर मेकॅनिकवर ओरडला असता. निळेरावांनी त्याला बिस्किटं दिली.

तो गेल्यावर ते नॉब घेऊन बसले. डावीकडे फिरवला, थोडा मागे आणला, पुन्हा फिरवला. पण त्यांच्या कानांना सगळंच नुसतं कललेलं लागत होतं. थोडं कललेलं, जास्त कललेलं, यातलं 'तिथेच' कुठलं? ते ठरवणारा कान दुसऱ्याच डोक्याला होता. तिच्या खुर्चीतून एकदा ऐकून पाहावं म्हणून उठले आणि तिच्या खुर्चीपाशी नुसते उभे राहिले. निळी पँट घालून त्या कव्हरवर कसं बसणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी थोरलीच्या दारावरची घंटा वाजवली. धाकटी असताना तिच्यामागून यायचे, पण आपणहून हे पहिल्यांदाच. थोरली दार उघडून बघतच राहिली.

"काय झालं? पडलात की काय?"

"नाही. ताई, तुमचा डावा कान..."

"माझ्या कानाचं काय?"

"तसाच आहे ना अजून?"

"आता या वयात सुधारणार आहे थोडाच! आत या आधी, जिन्यात उभं राहून माझा कान कसला काढताय?"

मग त्यांनी सांगितलं. तुकड्यातुकड्यानं, मध्ये दोनदा पाणी पिऊन. तुम्ही तिच्या खुर्चीत बसायचं, मी नॉब फिरवतो, दोघं सारखे वाटले की सांगायचं. एवढंच काम आहे. थोरलीला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि त्या खुर्चीत बसायच्या कल्पनेनं तिला कसंसंच झालं. पण ती 'नाही' म्हणाली नाही.

"रविवारी येते," ती म्हणाली. "पाच मिनिटांचं तर काम."

रविवारी ती गेली तर सुई बदलायची राहिली होती. सुई बोथट असली की आवाजाचा नीट अंदाज येत नाही म्हणे. चहा झाला. पुढच्या रविवारी वीज गेलेली. हा काही निळेरावांचा दोष नव्हता, पण वीज परत आल्यावर ते म्हणाले की यंत्र तापायला वेळ लागतो, आज राहू द्या. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांना तिला आधी दुसरीच एक रेकॉर्ड दाखवायची होती. बंद पडलेल्या नाचघरातून आणलेली, तिच्या कव्हरवर कुणीतरी टाचेचा ठसा उमटवला होता.

"नाचता नाचता पाय पडला असणार," निळेराव म्हणाले. "उंच टाचेचा."

"किंवा आवडली नसेल रेकॉर्ड," थोरली म्हणाली.

ते हसले. थोरली दाराजवळच्या स्टुलावर बसायची, कारण 'त्या' खुर्चीत काम असेल तेव्हाच बसायचं असं दोघांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. आणि काम काही निघत नव्हतं. एका रविवारी दार उघडलं तेच निळेराव कोऱ्या जीन्समध्ये. पाय वाकत नव्हते, दोन ड्रेनेजच्या पाइपांवर चालल्यासारखे चालत होते.

"हे काय सोंग?" थोरली म्हणाली. "यात बसता येतं, की रात्री आडवं करून ठेवावं लागतं?"

 निळेरावांच्या चेहऱ्यावर जे आलं ते थोरलीनं बहिणीच्या हयातीत अनेकदा पाहिलं होतं, पण तेव्हा तिकडे लक्ष दिलं नव्हतं. आत जाऊन त्यांनी चहात दोनदा साखर घातली.

त्यानंतर थोरली दर रविवारी पँटवर काहीतरी बोलायचीच. त्यासाठी वाटेत डोकं चालवत यायची. कॉलेजात इतकी वर्षं शिकवूनही तिला एवढी तयारी करावी लागली नव्हती.

पण ती मुळात चिवट बाई, काम अर्धवट राहिलं की तिला झोप येत नाही. एका रविवारी तिनं कप ठेवला आणि सरळ विचारलं, "निळेराव, तुम्हाला तो नॉब लावायचाय की नाही? खरं सांगा."

"लावायचाय ना."

"मग अडलंय कुठे?"

त्यांनी गुडघ्यावरच्या चुणीवरून अंगठा फिरवला.

"लावला की झालंच ना मग."

"झालंच म्हणजे?"

"म्हणजे काम झालं."

"मी काय कामाशिवाय येत नाही तुमच्याकडे?"

"आला नव्हतात कधी," निळेराव म्हणाले. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. बाहेर ऊन आहे म्हणावं तसं म्हणाले.

  थोरलीनं रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

तिला दिसलं ते असं. नॉब जागेवर गेला तर निळेरावांना धाकटीचं गाणं परत मिळणार होतं, आणि तो मधोमध राहिला तर रविवार मिळणार होता. दोन्ही एकदम मिळायला काहीच हरकत नव्हती, पण हे त्या माणसाला पटवणं म्हणजे कोऱ्या डेनिमला एका दिवसात मऊ करणं. ते अंगावर वागवूनच व्हायचं. तिनं मनाशी म्हटलं, येत राहू, येत राहू, आपोआप कळेल त्यांना.

मग तो विषय पुन्हा निघाला तो फक्त दारात. ती यायची आणि म्हणायची, "काय, लावायचा ना आज नॉब?" आणि ते म्हणायचे, "लावू की. चहा घेऊ आधी." थंडी आली, त्यांनी जाकिटाची कॉलर वर केली. थंडी गेली. पँटच्या गुडघ्यामागे बारीक पांढऱ्या रेषा दिसायला लागल्या आणि त्यांनी त्या पाठमोरं उभं राहून तिला दाखवल्या, लहान मूल नवा दात दाखवतं तशा.

"अजून थोडे महिने," ते म्हणाले. "मग बघा."

थोरलीनं बघितल्या. चांगल्या दिसत होत्या.

निळेराव, पुढचं तुम्हाला माहीत आहे. गुरुवारी सकाळी जिना झाडल्याचा आवाज आला नाही, म्हणून खालच्या बाई वर आल्या.

आज खोली आवरायला मेकॅनिकला मदतीला बोलावलं होतं. स्टीरिओ आणि रेकॉर्ड त्यालाच देतेय. तो ऐकेल, आणि माझ्याकडे त्या नुसत्या पडून राहतील. खुर्च्या मात्र मी ठेवल्यात, दोन्ही, आणि कव्हरं धुवायची नाहीत असं कामाच्या बाईला बजावलंय. ती पँट खुंटीवर होती. मी खाली उतरवून जमिनीवर ठेवून पाहिली. उभी राहिली नाही. तेवढी तुमची झाली होती.

नॉबची गोष्ट मेकॅनिकला मी सांगितली. बिचारा कानकोंडा झाला, दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, वायरी काढायच्या आधी लावून टाकू या का? तुम्ही बसा काकूंच्या खुर्चीत, मी फिरवतो. पाच मिनिटांचं तर काम आहे."

त्यानं दोघांच्या गाण्याची रेकॉर्ड काढली, बाहीनं पुसली, यंत्रावर ठेवली. मी खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले. त्याचा हात नॉबवर होता.

"चहा घेऊ आधी," मी म्हटलं.

आत जाऊन पाहिलं तर तुमच्याकडे दूध नव्हतं.